इंग्रजीतील चुकांची जन्मकथा



इंग्रजी लिहिताना आणि बोलताना होणाऱ्या नेहमीच्या चुका कशा टाळाव्यात, हे सांगणाऱ्या पुस्तकांना आपल्या बाजारात कधीच तोटा पडलेला नाही. पानाच्या डाव्या अंगास 'अशुद्ध', उजव्या अंगास 'शुद्ध', अशी त्यांची सोयीस्कर मांडणी असते आणि परीक्षेच्या दिवसांत ती हातोहात खपतात. परंतु या पुस्तकांत एका गोष्टीचा पत्ता सहसा लागत नाही. अमुक एक प्रयोग अशुद्ध आहे हे प्रथम कोणी ठरविले, कोणत्या साली ठरविले आणि त्या गृहस्थास तो अधिकार कोणी दिला, याविषयी ती अगदी मुकी असतात. नियम जणू आकाशातून पडले, असा वाचकाचा समज होतो. आज आपल्याला पाहावयाचे आहे ते हेच, की इंग्रजीतील चुका या चुका कशा ठरल्या.

ही केवळ पंडितांची करमणूक आहे असे मात्र कोणी समजू नये. आपल्या गावचा एखादा हुशार मुलगा नोकरीच्या मुलाखतीस जातो. विषय त्याला उत्तम येत असतो; पण तोंड उघडण्यापूर्वी मनातल्या मनात तो वाक्य तीन वेळा तपासतो आणि तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. चुकीच्या भयाने आपल्याकडे किती माणसे गप्प बसली असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. तेव्हा ज्याचे भय बाळगायचे, त्याची कुळकथा तरी आपण जाणून घ्यावी.

प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, शेक्सपिअरच्या काळी इंग्रजांना आपल्या भाषेचे व्याकरण शाळेत शिकवीत नसत. व्याकरण म्हणजे लॅटिनचे व्याकरण. इंग्रजी ही घरात, बाजारात आणि रंगभूमीवर बोलावयाची भाषा. तिला कसले आले आहे व्याकरण? त्यामुळे शेक्सपिअर एकाच वाक्यात दोन-दोन नकार खुशाल घालतो आणि तसे केल्याने नकार अधिक जोरकस होतो अशीच त्याची समजूत दिसते. दोन नकारांचा एक होकार होतो, हे बीजगणित भाषेस लावले ते पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र वारे बदलले. कवी जॉन ड्रायडन याने 1672 साली एका निबंधात मागल्या पिढीतील नाटककारांची झडती घेतली. बेन जॉन्सनच्या एका ओळीवर त्याने बोट ठेवले: या वाक्याच्या शेवटी 'फ्रॉम' हा शब्द लोंबकळत राहिला आहे आणि हा दोष होय. आता 'फ्रॉम', 'ऑफ', 'विथ' या शब्दांना लॅटिन व्याकरणाने जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी 'पुढे ठेवलेला' असा आहे. जो पुढे ठेवायचा तो मागे कसा, असा हा आक्षेप. आपल्याकडे ही शब्दयोगी अव्यये जन्मजात नामाच्या पाठीशी असतात. 'घरावर', 'गावाकडून' असेच आपण म्हणतो. त्यामुळे मराठी माणसाला या वादाची गंमत वाटावी. पण ड्रायडनला ती गंमत वाटली नाही. 1668 साली छापलेल्या आपल्याच नाट्यविषयक ग्रंथाची नवी आवृत्ती त्याने 1684 मध्ये काढली, तेव्हा असली शेवटी राहिलेली अव्यये त्याने निवडून काढून वाक्ये पुन्हा जुळवली. याच ड्रायडनने एके ठिकाणी सांगून ठेवले आहे की, आपली इंग्रजी शुद्ध आहे की नाही अशी शंका आली म्हणजे आपण ते वाक्य लॅटिनमध्ये घालून पाहतो! सोने पारखायला कसोटीचा दगड लागतो हे खरे. पण हा दगड परक्या खाणीतला होता आणि त्यावर घासावयाचा धातूही निराळा होता. इंग्रजीतील निम्म्या 'चुकां'चे मूळ या एका कबुलीत आहे.

पुढे जॉनथन स्विफ्टने 1712 साली सरकारदरबारी अर्जच केला की, फ्रेंचांनी 1635 मध्ये स्थापली तशी एखादी विद्वत्सभा स्थापून इंग्रजी भाषा एकदाची कायमची ठरवून टाकावी. शब्द तोडून बोलण्याची नवी रीत स्विफ्टला अगदी खपत नसे. लोकांच्या झुंडीला 'मॉब' म्हणू लागले होते. तो एका लॅटिन शब्दसमूहाचा छाटलेला तुकडा, म्हणून त्याच्यावर त्याचा विशेष राग. स्विफ्ट गेला, 'मॉब' राहिला. विद्वत्सभाही निघाली नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला प्रचंड शब्दकोश पुरा केला तेव्हा प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगून टाकले की, भाषा जागच्या जागी खिळवून ठेवता येईल ही आशा आपणही एके काळी बाळगली होती, पण ती व्यर्थ होय.

भाषेचे न्यायालय सरकारने स्थापले नाही, तेव्हा ते खाजगीत निघाले. यांतील सर्वांत वजनदार न्यायाधीश म्हणजे रॉबर्ट लाउथ. हा ऑक्सफर्डमध्ये काव्याचा प्राध्यापक होता, हिब्रूचा जाणता होता आणि पुढे लंडनचा बिशप झाला. त्याचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण 1762 साली निघाले. पुस्तकाची खरी मौज तळटीपांत आहे. वर नियम सांगायचा आणि खाली तो कोणी कोणी मोडला त्यांची हजेरी घ्यायची: शेक्सपिअर, मिल्टन, पोप, स्विफ्ट, खुद्द बायबलचे भाषांतरकारही सुटले नाहीत. आपल्याकडे कोणी पाणिनीचे सूत्र हाती घेऊन ज्ञानेश्वरीच्या ओव्यांना लाल शाई लावावी, तसा हा प्रकार! ज्या भाषेतील श्रेष्ठ लेखक झाडून सारे एखादा नियम मोडतात, त्या भाषेचा तो नियम आहे असे म्हणावे कसे, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. लाउथ स्वतः मात्र नंतरच्या लोकांनी रंगविला तितका कर्मठ नव्हता. शेवटी येणाऱ्या त्या अव्ययाविषयी त्याने एवढेच म्हटले की, ही लकब आपल्या भाषेला फार आवडते, बोलण्यात ती शोभते, गंभीर लेखनात टाळलेली बरी. आणि हे सांगणारे त्याचे वाक्य नेमके तशाच अव्ययाने संपते. बिशपमहाराज थट्टा करीत होते, असेच मला वाटते.

गुरूने सौम्यपणे सांगावे आणि शिष्यांनी त्याचे शास्त्र करावे, ही रीत सर्वत्र सारखीच. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या एका गृहस्थाने नेहमीच्या चुकांवर स्वतंत्र पुस्तक काढले. डावे-उजवे स्तंभ असलेल्या आपल्या पुस्तकांचा हा मूळपुरुष म्हणावा. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, ग्रीक येत नाही, लॅटिनही बेताचे, असे तो स्वतःच सांगतो. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' म्हणू नये, 'फ्यूअर' म्हणावे, हा आज शाळाशाळांतून पाठ करविला जाणारा नियम या बेकरने प्रथम नोंदविला. आणि तोही नियम म्हणून नव्हे, आपल्या कानास असे अधिक बरे वाटते एवढ्याच आधारावर. एका माणसाची आवड शंभर-दीडशे वर्षांत कायदा कशी होते, याचे याहून सुरेख उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या कायद्याचा प्रसार करणारा लिंडली मरे हा तर मूळचा अमेरिकन वकील. तो इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्याने 1795 साली व्याकरण लिहिले. त्यातील पुष्कळसा भाग लाउथकडून उचललेला आहे. पण पुस्तक लाखांनी खपले. विलायतेत, अमेरिकेत आणि इंग्रजांचे राज्य जाईल तेथे ते गेले. ते इतके का खपावे? कारण त्या काळी गिरण्या निघत होत्या, व्यापार वाढत होता, आणि बापजाद्यांनी दुकानात तागडी धरली अशा माणसांच्या हाती पैसा येत होता. पैसा आला, घर झाले, गाडी झाली. आता सभ्य माणसांत बसता यावे म्हणून जिभेला वळण हवे. व्याकरण हा त्या बैठकीचा परवाना होता. चूक म्हणजे अर्थाचा घोटाळा, ही कल्पना मागे पडली; चूक म्हणजे खालच्या पायरीची खूण, ही कल्पना पुढे आली.

या कल्पनेने एकोणिसाव्या शतकात काय काय उद्योग केले, त्याचा एक मासला सांगतो. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, 'टू क्लिअरली सी' म्हणू नये, हा नियम आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकला असेल. हा नियम लाउथला माहीत नव्हता, मरेलाही नव्हता. तो लोकप्रिय केला कँटरबरीचा डीन हेन्री आल्फर्ड याने, 1864 साली ग्रंथरूपाने निघालेल्या राणीच्या इंग्रजीवरील त्याच्या पुस्तकात. एका वाचकाने पत्र लिहून कळविले की, आपण असा प्रयोग करतो आणि तो आपल्याला योग्य वाटतो. त्यावर डीनसाहेबांचा निकाल असा की, असे इंग्रजीत कोणी करीतच नाही. वस्तुतः चौदाव्या शतकातील विक्लिफच्या लेखनातसुद्धा हा प्रयोग सापडतो. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचे असते, म्हणून ते फोडता येत नाही, सबब इंग्रजीतही फोडू नये, ही सबब नियमाला मागाहून चिकटविण्यात आली. पोर आधी जन्मले, गोत्र नंतर शोधले!

पण दैवाची गंमत पाहा. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन मून या टीकाकाराने 'डीनची इंग्रजी' असे खोचक नाव देऊन पुस्तक काढले आणि शुद्धतेचा उपदेश करणाऱ्या डीनच्याच लेखनातील चुका एकामागून एक वेचून दाखविल्या. दोघांचा वाद चांगलाच रंगला आणि मूनच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्याची चूक काढणारे पुस्तक लिहावे आणि त्यात चूक सापडू नये, हा योग इंग्रजीच्या इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

ही सारी सामग्री गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली ती ऐन याच काळात. मेकॉलेचा प्रसिद्ध अभिप्राय 1835 चा; मुंबई विद्यापीठ 1857 चे; आणि त्याचे पहिले पदवीधर 1862 चे, ज्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर होते. या पिढीने इंग्रजी आत्मसात केली ती मुख्यतः ग्रंथांतून. जॉन्सन, ॲडिसन, बर्क, मेकॉले हे तिचे गुरू. कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी जॉन्सनच्या 'रासेलस'चे मराठी रूपांतर केले आणि पुढे निबंधमालेतील वाक्यांनाही त्या भारदस्त इंग्रजी गद्याचे वळण लागले. आपले स्वल्पविराम आणि अर्धविराम याच वाटेने आले; मेजर कँडीने विरामचिन्हांवरील आपली पुस्तिका 1850 साली काढली. वाघिणीचे दूध आमच्या पूर्वजांनी पचविले याचा आपल्याला अभिमान आहेच. परंतु जी भाषा ग्रंथांतून येते, ती बोलण्यातही ग्रंथासारखीच उतरते. साध्या रजेच्या अर्जात बर्कची वाक्यरचना येऊ लागली. विलायतेतील लोकांनी त्याला 'बाबू इंग्लिश' नाव देऊन हसून घेतले. कलकत्त्याच्या एका न्यायमूर्तींचे त्यांच्या पुतण्याने 1873 साली लिहिलेले चरित्र तिकडे केवळ हसण्यासाठी वाचले जाई. 1897 मध्ये अँस्टी नावाच्या विनोदी लेखकाने एका बाबूला नायक करून आख्खे पुस्तक लिहिले. 1907 साली मुंबई इलाख्यातील एक सनदी अधिकारी व्हिटवर्थ याने हिंदी लोकांच्या इंग्रजीतील चुकांचा ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले, ते आजही विकले जाते. यांतला रेन काही काळ मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता, आणि जगाला तो ठाऊक आहे तो 1924 सालच्या एका साहसकथेमुळे, हे मुलांना सांगितले तर कदाचित ती व्याकरण अधिक प्रेमाने वाचतील.

येथे एक भेद करावयास हवा, तो आपल्याकडे क्वचितच केला जातो. आपल्या काही चुका खरोखर चुका असतात आणि त्यांचे कारण आपल्या मराठीत असते. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती कोठे घालावी याचा कान आपल्याला नसतो. आणि त्याने अर्थ खरोखर बदलतो. 'चर्चा' म्हटले की 'विषयी' ओघानेच येते, म्हणून आपण 'डिस्कस अबाउट' म्हणतो. 'मी इथेच आहे' यातला 'च' इंग्रजीत नेण्यासाठी 'आय ॲम हिअर ओन्ली' असे होते. 'नाही का?' हे सर्व वाक्यांना चालते, म्हणून 'इझण्ट इट' सर्व वाक्यांना लागते. या सवयी कष्टाने सुधाराव्या लागतात, आणि मराठी व इंग्रजी समोरासमोर ठेवल्यानेच त्या सुधारतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे यश यातच होते. पण वाक्य अव्ययाने संपले, वाक्याची सुरुवात 'अँड'ने झाली, 'टू' आणि क्रियापद यांची फारकत झाली, या गोष्टींसाठी ज्याने रात्र जागवली त्याने ती फुकट जागवली. शिक्षकांनी दोन्ही एकाच लाल शाईने खोडले, आणि विद्यार्थ्याला व्याधी कोणती व वहम कोणता हे कळेनासे झाले.

विलायतेत या वहमांचा समाचार घेतला फाउलर बंधूंनी. थोरला हेन्री सतरा वर्षे शाळामास्तर होता. मुलांना एका धर्मविधीसाठी तयार करणे मनाला पटेना, म्हणून त्याने नोकरीवर पाणी सोडले आणि धाकट्या भावाजवळ गर्न्सी बेटावर जाऊन राहिला. दोघांनी मिळून 1906 साली राजाच्या इंग्रजीवर पुस्तक लिहिले. आरंभीच त्यांनी सांगितले की, दूरच्या शब्दापेक्षा ओळखीचा घ्यावा, लांबापेक्षा आखूड घ्यावा, पाल्हाळापेक्षा एक शब्द बरा. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हेन्री वय चोरून सैन्यात भरती झाला! भाऊही गेला, आणि 1918 मध्ये क्षयाने वारला. 1926 साली हेन्रीने इंग्रजी प्रयोगांचा आपला प्रसिद्ध कोश एकट्याने पुरा करून त्या भावाच्या स्मृतीस वाहिला. त्यात 'टू'च्या त्या फारकतीवरून त्याने इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग केले आहेत. ज्यांना हा प्रकार ठाऊकही नाही आणि त्याची पर्वाही नाही, ते लोक बहुसंख्य आणि सुखी, असे तो सांगतो. आणि ठाऊक नसून धास्ती घेणाऱ्यांची कीव करतो. शेवटच्या अव्ययावरील बंदीला तर त्याने वेडगळ समजूत म्हणून मोडीत काढले. तोच तो शब्द येऊ नये म्हणून दर ओळीस नवा प्रतिशब्द शोधणाऱ्या लेखकांवर त्याचा फार कटाक्ष होता. आपल्या वर्तमानपत्रांनी तो अवश्य वाचावा. तेथे एकच मंत्री पहिल्या वाक्यात येतात, दुसऱ्यात पोहोचतात आणि तिसऱ्यात दाखल होतात.

बोलण्यातील प्रतिष्ठेच्या खुणांचे काय झाले, ते अधिक मनोरंजक आहे. ॲलन रॉस या प्राध्यापकाने 1954 साली एका फिन्नी नियतकालिकात दाखवून दिले की, वरच्या वर्गातील इंग्रज जेवताना साधा 'नॅपकिन' वापरतो; वर चढू पाहणारा मात्र 'सर्व्हिएट' म्हणतो आणि त्या नाजूक शब्दामुळेच पकडला जातो. म्हणजे ज्याने फार जपून शब्द वापरला, तोच फसला. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवाली हेच भोगते. पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली तिची 'ती फुलराणी' केली तेव्हा इंग्रजीचा हा दुखरा प्रश्न मराठीत जसाच्या तसा बसला, याचे नवल वाटायला नको. प्रमाण बोली आणि गावची बोली यांतले अंतर आपल्यालाही परके नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या साऱ्या वादाला निराळीच कड दिली. चर्चिलने ऑगस्ट 1940 मध्ये, बाँब पडत असतानाच्या दिवसांत, मंत्रिमंडळास टिपण धाडले की, कागदपत्रे आखूड लिहा. बिहारात मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने 1946 साली दाखविले की, राजकारणी लोक फुगीर भाषा वापरतात ती अडाणीपणाने नव्हे, तर खेडी जाळल्याचे आणि माणसे हाकलल्याचे झाकण्यासाठी. युद्धानंतर शिधापत्रिका, विमा, निवृत्तिवेतन यांच्या निमित्ताने सरकार घरोघर पत्रे धाडू लागले, आणि ती पत्रे कोणाला कळेनात. तेव्हा अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गावर्स या निवृत्त अधिकाऱ्याने 1948 साली साध्या शब्दांवर एक पुस्तिका लिहिली; 1954 मध्ये तिचा पुरा ग्रंथ झाला. विधवेला तिचे वेतन मिळणार की नाही, हे तिला पत्र वाचून कळले पाहिजे. न कळल्यास चूक तिची नव्हे, लिहिणाऱ्याची. चूक या शब्दाचा अर्थ येथे पुन्हा अर्थाच्या घोटाळ्याशी येऊन भिडला. ड्रायडनपासून गावर्सपर्यंत पावणेतीनशे वर्षांचा हा प्रवास आहे. आपल्या शाळांनी त्यातला पहिला टप्पा शिकविला आणि पुढची गाडी येईपर्यंत इंग्रज निघून गेले.

गावर्स तरुणपणी काही वर्षे लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीस होता. हिंदुस्थानच्या कारभाराची कागदपत्रे तेथे ढिगांनी येत. 'डू द नीडफुल', 'आय बेग टू स्टेट', 'रिसीट ऑफ द सेम' ही बाबूंची म्हणून हसली जाणारी वाक्ये मुळात विलायती कारकुनांनी आणि पेढीवाल्यांनीच इकडे आणली होती. तिकडे ती झाडून काढण्याचे काम गावर्ससारख्यांनी केले. इकडे ती राहिली. आणि राजभाषा मराठी झाल्यावर त्यांचे भाषांतरही झाले. तालुक्याच्या कचेरीतून आलेले कोणतेही पत्र उघडून पाहा. 'उपरोक्त विषयास अनुसरून' ते सुरू होते, आणि 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे म्हणून संपते. कोणी, काय आणि केव्हा करावे, हे विचारण्यासाठी माणसाला पुन्हा त्या कचेरीत जावे लागते.